पावतीपुस्तक कुणाकडे?

काँग्रेसमधल्या गटबाजीचा विषय निघाला की गप्पा बहुधा अधिवेशनांच्या, भाषणांच्या आणि रुसव्याफुगव्यांच्या होतात. नेहरू-टंडन, इंदिरा-मोरारजी, आमच्याकडे दादा आणि साहेब. ऐकायला रंगतदार असतं. पण गट भाषणाने बांधला जात नाही, तो पावतीपुस्तकाने बांधला जातो. त्या पुस्तकाकडे न बघता वरच्या मजल्यावरचं भांडण पाहिलं, तर ते नुसतं दोन मोठ्या माणसांच्या स्वभावाचं भांडण वाटतं.

१९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. चार आणे वर्गणी, भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या, त्यांच्या खाली जिल्हा, त्याच्या खाली तालुका. गांधीजींनी हे यंत्र बसवलं ते चळवळीत माणूस ओढायला. (त्यांनी स्वतः १९३४ साली सभासदत्व सोडलं. आपण काँग्रेसचे चार आण्याचेही सभासद नाही, असं ते पुढे सांगत.) स्वातंत्र्य आलं आणि तेच यंत्र मंत्री निवडायच्या कामाला लागलं. जातं तेच, दळण वेगळं.

तालुका हातात घ्यायचा म्हणजे काय करायचं? कागदी नोंदणीच्या काळात प्रांतिक कचेरीतून छापील पावतीपुस्तकं जिल्ह्याला येत आणि जिल्ह्याकडून तालुक्याला जात. पहिली लढाई इथेच. जिल्हाध्यक्ष ज्याच्या गटाचा, त्याच्या माणसांना पुस्तकं वेळेवर आणि हवी तेवढी मिळतात. दुसऱ्या गटाला ‘संपली, पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलं जातं, आणि पुढच्या आठवड्यात नोंदणीची मुदत संपलेली असते. ज्याला पुस्तक मिळालं तो घरोघरी हिंडतो असं मानायचं कारण नाही. बऱ्याचदा एकाच ओटीवर बसून, मतदारयादी समोर ठेवून, एकाच शाईने शंभर नावं उतरवली जातात आणि वर्गणी एकच माणूस भरतो. सभासदाला आपण सभासद झाल्याचा पत्ता नसतो. कधी तो दोन्ही गटांच्या पुस्तकांत असतो, कधी तो हयातच नसतो.

पण नुसत्या प्राथमिक सभासदांनी भागत नाही. कमिटीवर जायला क्रियाशील सभासद लागतो, आणि त्याच्यावर अटी असतात: ठरावीक सभासद नोंदवलेले असावेत किंवा निधी जमवलेला असावा, अंगावर सवयीने खादी असावी. ‘सवयीने’ या शब्दावर पक्षात किती वाद झाले असतील याची कल्पनाच केलेली बरी. मग छाननी. हरकती घ्यायच्या, त्यांच्यावर निर्णय द्यायचा, आणि निर्णय देणारा जिल्ह्याचा, म्हणजे पुन्हा कुणाचा तरी. हरलेला गट प्रांताकडे अपील करतो. प्रांतही कुणाच्या तरी ताब्यात असतो, म्हणून मग दिल्ली. दिल्लीला या पावत्या तपासायला ना वेळ ना माणूस, म्हणून ती सोपा उपाय करते: निवडणूक रद्द, हंगामी समिती नेमली. ‘हंगामी’ या शब्दाने काँग्रेसमध्ये किती वर्षं काढली, तो पुढचा विषय.

तालुक्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून प्रदेश, आणि प्रदेशाचे सदस्य हेच अधिवेशनाचे प्रतिनिधी. पक्षाचा अध्यक्ष निवडतात तेही तेच. हे प्रतिनिधी २०२३ पर्यंत आपल्यातून एक-अष्टमांश माणसं अखिल भारतीय समितीवर पाठवत आणि ती निवड पसंतिक्रमाच्या मताने होते, प्रमाणात. ही बारीकशी तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. जिल्हाध्यक्षाच्या निवडणुकीत जिंकला तो सगळं घेऊन जातो. पण वरच्या पायरीवर तीन आणे ताकद असलेल्या गटाला तीन आणे जागा मिळतात. म्हणजे जिल्ह्यात चीत झालेला माणूस दिल्लीत उभा असतो. त्याला पक्ष सोडायची गरज पडत नाही. तो वाट बघतो.

वाट बघण्यासारखं काही होतं, हेही खरं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मतं आणि ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. १९५७ ला ४९४ पैकी ३७१. निम्म्याहून कमी मतांत तीन-चतुर्थांश लोकसभा. विरोधक विखुरलेले. अशा देशात खरी निवडणूक मतपेटीपाशी होत नाही, तिकिटापाशी होते. बहुतेक मतदारसंघांत बैलजोडी (काँग्रेसचं तेव्हाचं चिन्ह) मिळाली की आमदारकी मिळाली, त्यामुळे आमदार कोण होणार हे ठरवणारी लढत पक्षाच्या आत आणि मतदानाच्या महिनाभर आधी होऊन जायची. राज्यशास्त्राचे अभ्यासक याला ‘काँग्रेस व्यवस्था’ म्हणतात: सत्ताधारी आणि विरोधक दोघेही एकाच छपराखाली. पेपरात ज्याला ‘असंतुष्ट’ म्हणायचे, तोच त्या काळातला खरा विरोधी पक्षनेता.

मात्र छपराखाली राहायची एक अट होती. १९३४ पासून समाजवादी मंडळी काँग्रेसच्या आत स्वतःचा पक्ष चालवत होती, त्याची वेगळी घटना, वेगळे सभासद. १९४८ मध्ये काँग्रेसने नियम केला की आत अशी दुसरी चूल चालणार नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकला समाजवाद्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. आपल्याकडे केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनीही काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ काढला होता. त्याचा शेतकरी कामगार पक्ष झाला आणि तोही बाहेर गेला. यशवंतराव चव्हाण सुरुवातीला या मंडळींच्या जवळचे, पण त्यांनी काँग्रेस सोडली नाही. जेधे काही वर्षांनी परत आले.

या नियमाने गट संपले असं कुणाला वाटलं असेल तर तो भाबडेपणा होता. लेटरहेड असलेला गट बाहेर गेला, बिनलेटरहेडचा आत राहिला. समाजवाद्यांचा गट विचारांसाठी भांडायचा, त्यांचं पुस्तक जाहीर होतं. जे राहिले त्यांचे गट माणसांच्या नावाने चालत. ‘तात्यांचा’, ‘अण्णांचा’, ‘आपला’. कार्यक्रमावर बांधलेला गट कार्यक्रमाला मुरड घालू शकत नाही, माणसावर बांधलेला गट एका रात्रीत कुणाशीही जुळवून घेऊ शकतो. पुढच्या वीस वर्षांतल्या अनेक गोष्टी या एका फरकातून निघाल्या, असं माझं मत आहे.

१९५० ची अध्यक्षपदाची निवडणूक त्यातली पहिली मोठी. उमेदवार तीन: पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव. टंडनांमागे सरदार पटेल, आणि टंडन नकोत अशी नेहरूंची उघड इच्छा. मतं मोजली तेव्हा टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२. एकूण २६०० मतं. देशाचा पंतप्रधान एका बाजूला आणि पक्षाचा कौल दुसऱ्या बाजूला, तोही २१४ मतांच्या फरकाने. सप्टेंबरात नाशिकला अधिवेशन भरलं, टंडन अध्यक्ष म्हणून बसले.

मग नेहरूंना इतकी धास्ती कशाची? अध्यक्षपद तसं शोभेचं वाटतं, पण कार्यकारिणीची माणसं अध्यक्ष नेमायचा. टंडनांनी रफी अहमद किडवईंना घेतलं नाही. आणि कार्यकारिणीच्या आसपासच ती समिती होती जिच्यापुढे सगळे हात जोडून उभे असत, मध्यवर्ती निवडणूक समिती. तिकिटं तिथे नक्की होत. डिसेंबर १९५० मध्ये पटेल वारले, टंडनांचा मोठा आधार गेला. १९५१ च्या उन्हाळ्यात कृपलानी बाहेर पडले, किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा आणि निवडणूक समितीचा राजीनामा दिला. सप्टेंबरात टंडनांनी अध्यक्षपद सोडलं, नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. पहिलं मतदान २५ ऑक्टोबरला. तारखा शेजारी ठेवल्या की तत्त्वाच्या भांडणातलं तिकिटाचं भांडण लख्ख दिसतं. तत्त्व खोटं होतं असं मी म्हणत नाही. निर्वासितांचा प्रश्न, हिंदू कोड बिल, पाकिस्तानशी वागणूक, या मतभेदांत दम होता. पण मतभेद वर्षभर जुने होते आणि राजीनामा बरोबर उमेदवारी याद्यांच्या तोंडावर आला.

पावतीपुस्तकाची ताकद याहून स्वच्छ बघायची असेल तर उत्तर प्रदेशात जावं. चंद्रभानू गुप्ता १९५७ च्या निवडणुकीत स्वतः पडले. विधानसभेत जागा नाही, मंत्रिपद नाही. मुख्यमंत्री संपूर्णानंद, विद्वान माणूस, संस्कृतचे जाणकार. गुप्तांकडे होती संघटना: जिल्हे, पुस्तकं, आणि लखनौत येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याची राहण्याजेवण्याची सोय करणारी यंत्रणा. १९६० मध्ये प्रदेशाध्यक्षाच्या निवडणुकीत संपूर्णानंदांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली. गुप्ता गटाने ती निवडणूक मारली. संपूर्णानंदांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात गुप्ता मुख्यमंत्री झाले. जनतेने पाडलेल्या माणसाला पक्षाच्या प्रतिनिधींनी मुख्यमंत्री केलं. हे चांगलं की वाईट याच्यावर भांडता येईल, पण मतं मोजली गेली होती आणि निकाल हरलेल्याने मानला होता.

हरलेल्याचं पुढे काय करायचं, हे मद्रासचे पुढारी कामराज यांना चांगलं कळायचं. १९५४ साली मद्रासमध्ये राजाजींनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि नेतेपदासाठी कामराजांसमोर सी. सुब्रमण्यम उभे राहिले. हरले. कामराजांनी त्यांनाच मंत्रिमंडळात घेतलं. यात उदारपणा किती आणि हिशेब किती हे सांगणं कठीण, पण हिशेब सरळ आहे: हरलेल्या नेत्यामागे दहावीस आमदार असतात, नेता मंत्री झाला की त्या आमदारांना विरोधात बसायला कारण उरत नाही.

आपल्याकडची १९५६ ची निवडणूक जास्त तिखट होती. द्वैभाषिक मुंबई राज्य व्हायचं होतं. मोरारजी देसाईंना नेतेपद बिनविरोध हवं होतं. भाऊसाहेब हिरे उभे राहणार म्हटल्यावर ते बाजूला झाले आणि सामना चव्हाण विरुद्ध हिरे असा झाला. चव्हाणांना ३३३, हिऱ्यांना १११. आकडा बघून वाटतं की हिऱ्यांना कुणी विचारत नव्हतं. तसं नव्हतं. हिरे मराठी काँग्रेसमधलं मोठं प्रस्थ. पण या विधिमंडळ पक्षात गुजरात आणि मुंबईचेही आमदार होते आणि मोरारजींचं वजन चव्हाणांच्या पारड्यात पडलं. मतदारसंघ कुठवर आहे हे ज्याने ओळखलं तो जिंकला. गटाच्या राजकारणात हे नेहमीच आधी बघायचं असतं. आपली किती माणसं हा प्रश्न नंतरचा, मोजणी कोणत्या खोलीत होणार हा आधीचा.

मुंबईचंच बघा. महाराष्ट्र झाला, नागपूर-विदर्भ एकत्र आले, तरी मुंबई शहराची प्रदेश काँग्रेस वेगळीच राहिली आणि आजही तिचा कारभार वेगळा आहे. वेगळी समिती म्हणजे वेगळी पावतीपुस्तकं, वेगळा निधी आणि दिल्लीला थेट जाणारा वेगळा जिना. स. का. पाटलांचं राज्य त्या जिन्यावर उभं होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पुढाऱ्याला विचारल्याशिवाय ते दिल्लीत बोलू शकत, कारण त्यांच्या खालची शिडीच निराळी होती.

१९६० नंतर महाराष्ट्रात गटांना आणखी एक घर मिळालं, किंबहुना तीन: साखर कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद. प्रवरेचा कारखाना १९५० चा, जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून. आता तालुक्यात पक्षाचं पद नसलं तरी चालत होतं, कारण संचालकपद होतं. आणि या निवडणुकांत काँग्रेसविरुद्ध काँग्रेसच असे. पॅनेल दोन, दोन्हींच्या पत्रकावर तेच यशवंतरावांचे फोटो.

जिल्हा बँक कशी जिंकतात हे जवळून बघण्यासारखं आहे. बँकेला मतदान गावातला शेतकरी करत नाही. गावची विविध कार्यकारी सोसायटी (शेतकऱ्यांना कर्ज देणारी सहकारी संस्था) ‘ठराव’ करून एका माणसाला मताचा अधिकार देते. सोसायटीवर साधारण १३ संचालक, त्यातले ७ आपले असले की ठराव आपला. तालुक्यात शंभर सोसायट्या धरल्या तर ५१ ठराव पुरेत. म्हणजे ५१ गुणिले ७: साडेतीनशे माणसं सांभाळली की तालुक्याची जागा खिशात. आणि अख्ख्या तालुक्याच्या पीककर्जाच्या नाड्या त्या जागेला बांधलेल्या. म्हणून बँकेची निवडणूक बँकेच्या निवडणुकीच्या दोन वर्षं आधी, सोसायट्यांत लढली जाते. ठराव गोळा करायची मुदत जाहीर झाली की गावागावांत रात्रीच्या बैठका बसतात. सचिवाने प्रोसिडिंग बुकात काय लिहिलं, कोरम होता का, एकाच सोसायटीचे दोन ठराव कसे काय आले, यावर उपनिबंधकाच्या कचेरीत तारखा पडतात. ठराव हाती आला तरी काम संपत नाही. ज्याच्या नावाने ठराव आहे तो माणूस मतदानापर्यंत आपलाच राहायला हवा. मग सहली निघतात. बाहेरच्यांना ही देवदर्शनं वाटतात.

इथे बिघडतं कुठे? दोन ठिकाणी. एक, सांभाळायची माणसं थोडी असली की भाव वाढतो. साडेतीनशे माणसं प्रेमाने सांभाळता येतात तशीच पैशानेही, आणि पैसा सुरू झाला की थांबवता येत नाही. दुसरं, जिंकणाऱ्याच्या हातात शिक्षेचं हत्यार येतं. विरोधी गटातल्या शेतकऱ्याच्या उसाला तोड उशिरा. नोंद आहे, करार आहे, पण टोळी येत नाही. ऊस तुऱ्यावर येतो, आतून पोकळ पडतो, वजन घटतं. कुणी कुणाला धमकी दिलेली नसते. पुढच्या वर्षी तो शेतकरी आपणहून योग्य ओट्यावर जाऊन बसतो. पक्षातल्या गटबाजीला लोकशाही म्हणणाऱ्यांनी हा वाळत गेलेला ऊसही हिशेबात धरावा.

तिकिटाच्या वेळी हीच माणसं आपापल्या नेत्याचं नाव घेऊन वर जातात. जिल्हा समिती शिफारस करते, प्रदेशाची निवडणूक समिती यादी बनवते, दिल्ली शिक्का मारते. बसलेल्या आमदाराचं तिकीट कापणं अवघड, म्हणून नव्या गटाला जागा करून देण्यासाठी त्याला लोकसभेवर किंवा महामंडळावर ‘बढती’. ज्याला काहीच मिळालं नाही तो अपक्ष उभा राहतो, सहा वर्षांसाठी निलंबित होतो, निवडून आला तर वर्षभरात हार घालून परत घेतला जातो. पण बंडखोरी उघड तरी असते. जास्त नुकसान करतो तो घरात बसलेला. अधिकृत उमेदवार पाडायला फार काही करावं लागत नाही. सभेला यायचं, व्यासपीठावर बसायचं, आणि नंतर चिठ्ठ्या वाटायच्या नाहीत. बूथवर एजंट द्यायचा तो दुपारी जेवायला गेला की परत येणार नाही असा. म्हाताऱ्यांना आणायला ठरलेली जीप नेमकी त्या दिवशी नादुरुस्त. निकाल लागल्यावर सांत्वनाला पहिला हाच हजर.

हे सगळं पंधराएक वर्षं चाललं आणि तुटलं नाही, याचं एक कारण वर पंच होता. नेहरूंचा स्वतःचा असा जिल्ह्यातला गट नव्हता, त्यामुळे त्यांनी पाठवलेला निरीक्षक निदान निम्म्या लोकांना तरी तटस्थ वाटायचा. १९६३ मध्ये पंचानेच डाव टाकला. कामराज योजनेखाली सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पदं सोडून ‘संघटनेच्या कामाला’ गेले. मोरारजी, शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील, इकडे स्वतः कामराज, गुप्ता, बिजू पटनाईक. कागदावर त्याग. पण सत्तेतून काढलेली आणि संघटनेत मोकळी सोडलेली वजनदार माणसं करणार काय? त्याच ऑक्टोबरात तिरुपतीला कामराज, अतुल्य घोष, निजलिंगप्पा, संजीव रेड्डी अशी मंडळी जमली. लोकांनी त्यांना सिंडिकेट नाव दिलं. नेहरूंनंतर शास्त्री कोणाच्या सल्लामसलतीने आले आणि १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मोरारजींना ३५५ विरुद्ध १६९ मतांनी कुणाच्या बळावर हरवलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिंडिकेटची समजूत अशी की पंतप्रधान आपण बसवली, आता ती आपलं ऐकेल.

१९६७ ने त्यांना जमिनीवर आणलं. कामराज पडले, अतुल्य घोष पडले, दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना पाडलं. लोकसभेत काँग्रेस ५२० पैकी २८३ वर आली, आठ राज्यांत बहुमत गेलं. पण मला त्या वर्षातली खरी घटना वेगळी वाटते: पक्ष सोडण्याची किंमत उतरली. तोवर काँग्रेस सोडणं म्हणजे वनवास. १९६४ मध्ये केरळात १५ काँग्रेस आमदारांनी विरोधकांबरोबर मत देऊन आर. शंकर यांचं काँग्रेस सरकार पाडलं तेव्हा ती बातमी होती. १९६७ मध्ये उत्तर प्रदेशात चरणसिंग बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले, बंगालमध्ये बांगला काँग्रेस काढलेले अजय मुखर्जी मुख्यमंत्री झाले. पक्षांतरावर यशवंतराव चव्हाणांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यापुढे आलेले आकडे असे: पहिल्या ते चौथ्या निवडणुकीपर्यंतच्या साऱ्या काळात पक्षांतरं सुमारे ५४२, आणि १९६७ नंतरच्या एका वर्षात ४३८. पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद. आत राहून वाट बघण्यापेक्षा बाहेर पडून घेणं स्वस्त झालं होतं. पुढे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने एक-तृतीयांश फुटले तर माफी ठेवली, २००३ च्या दुरुस्तीने ती फुटीची सवलत गेली आणि विलीनीकरणाची दोन-तृतीयांशाची अट तेवढी उरली. त्याने फुटणं थांबलं नाही, फुटायला लागणारा गट मोठा झाला.

१९६९ बद्दल इतकं लिहिलं गेलंय की लांबवत नाही. बंगळुरूला संसदीय मंडळाने संजीव रेड्डींचं नाव राष्ट्रपतिपदासाठी ठरवलं, चव्हाणांचं मत रेड्डींच्या बाजूने गेलं. इंदिराबाईंनी मोरारजींचं अर्थखातं काढलं, १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि ‘सदसद्विवेकाने मत द्या’ म्हणत व्ही. व्ही. गिरींना निवडून आणलं: दुसऱ्या पसंतीची मतं धरून ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. १२ नोव्हेंबरला इंदिराबाईंना पक्षातून काढलं. लोकसभेतले सुमारे २२० खासदार त्यांच्यामागे गेले, महाराष्ट्र चव्हाणांसकट त्यांच्यामागे गेला, स. का. पाटील दुसरीकडे राहिले. कमिट्या, खाती, कचेऱ्या यांवर पकड असलेला गट हरला आणि थेट लोकांशी बोलणारी व्यक्ती जिंकली. तिने त्यातून जो धडा घेतला तो स्वाभाविक होता: कमिट्या पुन्हा कुणाच्या हाती जाऊ द्यायच्या नाहीत.

१९७२ नंतर काँग्रेसमध्ये संघटनेच्या निवडणुका झाल्या त्या थेट वीस वर्षांनी. हंगामी समित्यांचा काळ. आता मुख्यमंत्री निवडायची रीत बघा. दिल्लीहून दोन निरीक्षक येतात, विश्रामगृहात उतरतात. आमदार एकेक करून आत जातात, दोन मिनिटांत बाहेर येतात. आत काय विचारलं हे सगळे सारखंच सांगतात. संध्याकाळी विधिमंडळ पक्षाची बैठक, एका ओळीचा ठराव: नेता निवडीचे सर्वाधिकार श्रेष्ठींना. टाळ्या. रात्री लखोटा. या पद्धतीत ३३३ आणि १११ हे आकडे जन्मालाच येत नाहीत. हरलेल्याला आपण किती मतांनी हरलो हे कळत नाही आणि जिंकलेल्यालाही आपल्यामागे कोण आहे ते कळत नाही. दोघेही मग दिल्लीच्या दारात बसतात.

वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरपासून ११ वर्षांहून अधिक मुख्यमंत्री राहिले. १९८० ते १९८८ या आठ वर्षांत महाराष्ट्राने अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री पाहिले. अंतुले आणि निलंगेकरांच्या जाण्याला न्यायालय निमित्त झालं, ते वेगळं धरू. पण वसंतदादांचा १९८५ चा राजीनामा बघा. दिल्लीने प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं, आणि मुख्यमंत्रिपदावर बसलेल्या माणसाने त्या रागाने खुर्ची सोडली. दादा जुन्या वळणाचे. खुर्ची आपली आणि पावतीपुस्तक दुसऱ्याचं, याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९९२ मध्ये नरसिंह रावांनी निवडणुका घेतल्या. तिरुपतीच्या अधिवेशनात कार्यकारिणीसाठी मतदान झालं, अर्जुनसिंग आणि शरद पवार निवडून आले. एकही महिला, एकही दलित किंवा आदिवासी निवडून आलेला नाही, हे कारण पुढे करून रावांनी निवडून आलेल्या सगळ्यांचे राजीनामे घेतले. कारण खोटं नव्हतं. नव्या यादीत अर्जुनसिंग आणि पवार पुन्हा होते, फक्त आता ते ‘नियुक्त’ होते.

१९६९ च्या फुटीचा आणखी एक अवशेष आपल्याकडे आजही वापरात आहे. बैलजोडी कुणाची, हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात. १९७१ च्या त्या सादिक अली निकालाने कसोटी घालून दिली: आमदार-खासदारांत बहुमत कुणाचं आणि संघटनेत बहुमत कुणाचं, हे मोजा. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या वादात आयोगाने हीच कसोटी पुढे घेतली. संघटनेतलं बहुमत मोजायला गेल्यावर आयोगाने म्हटलं की पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नाही, पदाधिकारी निवडलेले नसून नेमलेले आहेत, त्यामुळे या मोजणीवर विसंबता येणार नाही. मग उरलं ते मोजलं: ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार.